समोर चालणारी बाई

पंजाबरावांनी जंगलाकाठच्या बंजारा तांड्यावर ओळखीच्या हेमसिंगच्या अंगणात मोटारसायकल लावली, तेव्हा हेमसिंग माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाला, "दोघं चालले, दोघंबी वापस या." बोलणं साधंच होतं, पण मी पंजाबरावांपासून दोन पावलं लांब सरकले.

कारण सांगते. मी वाशीमच्या एका दवाखान्यात नर्स आहे. पन्नाशीला दोन कमी, विधवा, लेक धम्मदीपा अमरावतीला नोकरीला. विहारातल्या जगदेवभाऊंनी पंजाबरावांचं स्थळ सुचवलं. मानोऱ्याकडचे, शेती बरी, निर्व्यसनी, बायको वारलेली. कशानं वारली ते भाऊंनी सांगितलं नाही. ते सांगितलं माझ्या वॉर्डातल्या एका पेशंट बाईनं, सलाईन लावून घेता घेता. अकरा वर्षांपूर्वी त्यांची बायको, रुख्मिणी, जंगलातल्या धबधब्याच्या वाटेवर घळीत पडून मेली आणि सोबत नवऱ्याशिवाय कोणी नव्हतं. लोक तर ढकललं म्हणतात, असं सांगून ती निवांत झोपली. झोप उडाली माझी.

आणि आठच दिवसांनी पंजाबरावांचा फोन, लग्नाआधी तुम्हाला तो धबधबा दाखवायचा आहे. दुसरी कोणी असती तर नाही म्हणाली असती. मला माणूस स्वतः पारखल्याशिवाय राहवत नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी त्या घळीतच जाणार असं दिसत होतं. कुठं चालले, कोणाबरोबर, ते सगळं धम्मदीपाला कळवून ठेवलं.

भादव्यातलं जंगल ते. सागाची पानं सुपाएवढी झालेली, वाट एका माणसापुरती, खाली चिखल आणि उजव्या हाताला घळ. पहिल्याच वळणावर पंजाबराव थांबले.

"सिस्टर, तुमी समोर चाला."

मी उभ्या जन्मात बाया नवऱ्याच्या मागंच चालताना पाहिल्या. बाजाराला, लग्नाला, मयताला, चार पावलं मागं. आणि हा माणूस पायाखालची वाट असून परक्या बाईला पुढं घालतो? मला वाट माहीत नाही असं मी म्हणाले, तर म्हणे वाट एकच आहे, चुकायची नाही. दोनदा मी बाजूला होऊन त्यांना जागा दिली. दोनदा ते तिथंच उभे राहिले.

शेवटी मीच पुढं निघाले, पण सगळं लक्ष पाठीत. त्यांचे बूट माझ्या पावलाबरोबर वाजायचे. मी भरभर चालले की तेही भरभर, मी थांबले की तेही थांबत. ते नुसते खाकरले तरी मी दचकायची. आधाराला म्हणून एक काठी उचलली. खरं कारण वेगळं होतं.

झाडी संपली आणि कडा आला. पाणी खाली कोसळत होतं, तुषार तोंडावर येत होते. मी कड्यापासून लांब, एका झाडाला पाठ लावून उभी राहिले आणि सरळ विचारलं, रुख्मिणीबाई इथंच पडल्या ना?

ते गडबडले नाहीत. खाली बसले.

"इथं नाही. ते मागचं दुसरं वळण हाय ना, तिथं. मी समोर होतो. रुख्मिणी मागून बोलली, थांबा, चपलेचा अंगठा तुटला. मले आयकू आलं, सिस्टर. पण मी थांबलो नाही. म्हटलं, बाईमाणसासाठी कायले थांबा, येते मांगून. इथं येऊन पाह्यलं तं मांगं कोणीच नव्हतं."

मग म्हणाले, "ढकललं म्हणतात ते खोटं हाय. पण मले निर्दोष बी नका समजू. लग्नाच्या आंधी तुमाले मालूम पाह्यजे, म्हून आणलं."

मला कणव आली नाही, आधी राग आला. आणि राग ओसरल्यावर पुन्हा संशय. साक्षीदार नसलेली गोष्ट अकरा वर्षांत कोणीही घोटून पाठ करील.

परतताना मी हट्टानं त्यांना पुढं घातलं. दुसरं वळण आलं, तशी मी मुद्दाम एका जाड सागाच्या खोडाआड थांबले. श्वाससुद्धा वाजू दिला नाही.

ते एक पाऊल गेले, दोन, तीन. चौथ्याला थांबले. "सिस्टर?" मी गप्प. त्यांनी वळून पाहिलं, मागं वाट रिकामी. ओरडतील असं वाटलं होतं. ते गुडघ्यांवर आले, ओल्या गवताला धरून घळीच्या काठावर ओणवे झाले आणि खाली बघून हाक मारली, "रुख्मिणी."

माझीच मला लाज वाटली. काठी टाकून मी बाहेर आले, त्यांच्या दंडाला धरून मागं ओढलं. ते मला बोल लावतील म्हणून मी वाट पाहिली, पण ते नुसते माझ्या पायांकडे बघत राहिले.

"हाय मी इथंच," मी म्हणाले. "चाला तुमी समोर. मी बोलत बोलत येते."

तांडा येईपर्यंत मी तोंड मिटलं नाही. दवाखान्यातली भांडणं, धम्मदीपाचा स्वभाव, तुरीचा भाव, लग्नाला माझ्याकडून कोण कोण येणार, सुचेल ते मागून बोलत राहिले.