लुसियनचा दोर

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास यूलिसने ऑस्बर्टच्या बायकोचा, इनेलाचा तरंगा आणून धक्क्यावर ठेवला. नारिंगी तरंगा, त्यावर काठी, काठीला लाल झेंडा. पाण्यात उतरली की ती तो कमरेला दोरीने बांधून मागे ओढत न्यायची. इथे खाली माणूस आहे हे बोटवाल्यांना दुरून कळावं म्हणून. दोरी हातभरच उरली होती आणि तिचं टोक कापलेलं होतं.

ऑस्बर्ट धक्क्यावर बसून बोयाचा दोर गुंफत होता. त्याचं कामच ते. साबा बेटाभोवतीच्या राखीव समुद्रात, म्हणजे सागरी पार्कात, नांगर टाकायला बंदी आहे, तळाचं प्रवाळ मोडतं म्हणून. बोटी बोयाला, म्हणजे तळाशी पक्क्या बांधलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधायच्या. ते बोये आणि त्यांचे दोर बावीस वर्षं ऑस्बर्टच्या हाताखाली होते. त्यामुळे त्या टोकाकडे पाहिल्यावर त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही. दोर कुजून तुटला तर धागे पिंजारतात. दगडाला घासून तुटला तर एका बाजूने झिजतो. हा एका फटक्यात गेला होता.

"कुठे सापडला?"

"वेल्स बेच्या बाहेर," यूलिस म्हणाला. "चल. इंजिन चालूच ठेवलंय."

यूलिस त्याच्या लहानपणापासूनचा दोस्त. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत दोघं तिला शोधत पाण्यावर फिरले.

इनेला सकाळी सापडली, उत्तरेच्या खडकांपाशी. पाठीवर बोटीच्या पंख्याचे तीन वार होते. ती वेल्स बेला शंख मोजायला गेली होती. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जायची आणि जिवंत किती, रिकामे किती ते पाटीवर लिहून पार्कच्या कचेरीत द्यायची. पाटी मात्र सापडली नाही.

तिला घराच्या अंगणात, टाकीमागे, तिच्या आईशेजारी पुरलं. आमच्याकडे माती कमी आणि खडक जास्त. चार माणसांना पहारी घेऊन दीड दिवस लागला. ऑस्बर्टने स्वतः खणलं. मध्येच थांबून तो म्हणाला, "लुसियन होता."

कुणी विचारलं नाही, कशावरून. सगळ्यांना माहीत होतं.

लुसियन शेजारच्या मोठ्या बेटावरचा. पाण्याखाली पोहायला येणाऱ्या पाहुण्यांची बोट आठवड्यातून तीनदा भरून आणायचा. नियम असा की आधी फोर्ट बेच्या धक्क्याला लागायचं, पाहुण्यांनी पार्कच्या वहीत नाव-पत्ता लिहून सही करायची, मग बोयांकडे जायचं आणि बोयांच्या बाहेरून हळू जायचं, आत माणसं पाण्याखाली असतात म्हणून. त्या शुक्रवारी लुसियन धक्क्याला आलाच नव्हता. उशीर झालेला, म्हणून तो परस्पर वेल्स बेला गेला. त्याची पांढरी बोट बोयांच्या आतून येताना यूलिसने लांबून पाहिली. चार नंबरच्या बोयाला लाल रंग घासलेला होता आणि लुसियनच्या बोटीचा तळ लाल होता. आठवड्याभरात त्याने तो निळा रंगवून घेतला.

आमचा पोलीस सार्जंट मार्टिस त्या बेटावर जाऊन त्याला विचारून आला. लुसियन म्हणाला, मी बाहेरून गेलो, मला कोणी दिसलं नाही. बोटीतले पाहुणे कोण, कुठले, हेही त्याला सांगता येईना. वहीत तर त्यांची नावं नव्हतीच. लांबून पाहिलेली बोट आणि घासलेला रंग, एवढ्यावर खटला उभा राहत नाही, असं सार्जंटने ऑस्बर्टला घरी येऊन सांगितलं. कागदावर लिहिलं गेलं: बोटीचा धक्का लागून मृत्यू, बोट अज्ञात.

"अज्ञात," ऑस्बर्ट म्हणाला.

"सध्या," सार्जंट म्हणाला. "प्रकरण उघडं ठेवलंय."

तीन आठवड्यांनी लुसियन पुन्हा आला.

फोर्ट बेचा धक्का उघड्या समुद्रावर आहे. लाट कायम असते. आलेल्या बोटीने दोर फेकायचा आणि धक्क्यावर जो कोणी उभा असेल त्याने तो झेलून खुंटाला घालायचा. दोर कोणाचा हे बघायचं नाही. भावाभावांत कोर्टकचेरी चालू असली तरी एकाने फेकलेला दोर दुसरा झेलतो. ऑस्बर्टचा बाप सांगायचा, दोर आला की आधी हात, मग तोंड.

लुसियनच्या खलाशाने दोर फेकला. तो ऑस्बर्टच्या पायापुढे पडला. ऑस्बर्टने तो पाहिला. दोर सरकत सरकत धक्क्यावरून पाण्यात गेला.

"काय रे," लुसियन ओरडला, "हात गळाले काय?"

ऑस्बर्ट आपलं गुंफणकाम करत राहिला. पलीकडे यूलिस मासे साफ करत होता. खलाशाने दोर ओढून त्याच्याकडे फेकला. यूलिसने सुरी पुसली आणि दोराकडे पाठ केली.

"धक्क्यावर पुतळे बसवलेत वाटतं."

"हात दुखतायत, कॅप्टन," यूलिस म्हणाला. "शुक्रवारपासून. कुठला शुक्रवार ते तुम्हाला ठाऊक असेल."

तेव्हापासून लुसियनचा दोर कोणी झेलला नाही. ऑस्बर्टने कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी त्याला विचारलंही नव्हतं. लुसियनच्या खलाशाला बोटीतून धक्क्यावर उडी मारावी लागायची. समुद्र शांत असला तर जमायचं, नसला तर पाहुण्यांना घेऊन परत. पाहुणे ओकत बसायचे आणि लुसियनला शिव्या द्यायचे. आठवड्याच्या तीन फेऱ्यांची एक झाली. ऑस्बर्ट त्या दिवशी मुद्दाम धक्क्यावर येऊन बसायचा. बोट परत वळली की तो डबा उघडून जेवायचा. इनेला गेल्यापासून त्याला भूक लागायची ती तेवढीच.

त्याची मेहुणी व्हर्लीन रुग्णवाहिकेवर नर्स होती. ती एकदा म्हणाली, "भावोजी, याने काय होणार?"

"त्याचा धंदा बसेल."

"आणि मग?"

"मग तो येऊन बोलेल. आत होतो म्हणेल. सगळ्यांसमोर. मला एवढंच पाहिजे."

"तो बोलणारा असता तर तेव्हाच बोलला असता."

"तेव्हा त्याला काही दुखत नव्हतं," ऑस्बर्ट म्हणाला.

फेब्रुवारीत एका मंगळवारी उत्तरेकडून मोठ्या लाटा आल्या. अकराच्या सुमारास वायरलेसवर लुसियनचा आवाज आला. पाण्याखालून एक बाई फार घाईने वर आली होती; तसं आलं की रक्तात बुडबुडे होऊन अंग लुळं पडतं. तिला कमरेखाली काही कळत नव्हतं. बोटीचं एक इंजिनही बंद पडलं होतं.

बोट धक्क्याशी येईपर्यंत रुग्णवाहिका येऊन उभी राहिली होती. व्हर्लीन स्ट्रेचरपाशी होती. यूलिस, आणखी पाच-सहा मच्छीमार, पार्कच्या कचेरीतली माणसं, सगळे जमले होते. बोट लाटेबरोबर माणूसभर वर जायची आणि माणूसभर खाली. खलाशाने उडी मारण्याचा प्रश्नच नव्हता. बोटीत ती बाई आडवी पडलेली दिसत होती. नवरा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

दोर आला. ऑस्बर्टच्या उजव्या हाताला, सहज झेलता येईल असा.

कोणी हललं नाही. सगळे ऑस्बर्टकडे बघत होते. दोर पाण्यात पडला.

"बाई मरतेय इथे," लुसियन ओरडला.

"माझी मेली," ऑस्बर्ट म्हणाला. ओरडला नाही, पण ऐकू गेलं.

लुसियनने एका इंजिनावर बोट कशीबशी वळवून पुन्हा आणली. दोर पुन्हा आला. व्हर्लीन पुढे झाली, तिने तो झेलला, पण लाटेने बोट मागे खेचली आणि तिच्या हातातून दोर सुटला. तिच्या तळहाताची कातडी सोलली. ती ऑस्बर्टसमोर येऊन उभी राहिली.

"भावोजी, आज धरा. उद्या त्याला बुडवायचं असेल तर मी तुमच्याबरोबर येते. बोट मी चालवते. पण आज धरा."

तिसऱ्या वेळी ऑस्बर्टने दोर झेलला आणि खुंटाला दोन वेढे घातले. यूलिसने मागचा दोर धरला. बोट वर आली की चार जणांनी बाईला उचलायचं, असं करत तिसऱ्या लाटेला ती धक्क्यावर आली. मागोमाग नवरा. व्हर्लीनने दार लावून घेतलं आणि गाडी घाट चढू लागली.

"बस," लुसियन म्हणाला. "सोडा आता."

बोट धक्क्यावर आपटायला लागली होती. दोर सोडणं म्हणजे नुसतं सोडणं नव्हतं. एकच इंजिन चालू असताना दोर असाच कापला असता तर लाटेने बोट मागच्या खडकांवर नेऊन टाकली असती. बाहेर जाणारी लाट बघून, ती आली की पुढचा दोर हळूहळू सैल करायचा, नाक बाहेर वळू द्यायचं, मग सोडायचा. हे धक्क्यावरच्या माणसाच्या हातात. लुसियनच्या हातात सुरी होती आणि ती वापरता येणार नाही हे त्याला कळत होतं.

ऑस्बर्टने खुंटाला आणखी एक वेढा घातला.

"काय करतोस?"

"आत होतास की बाहेर?"

"डोकं फिरलंय का तुझं? माझ्या बोटीत अकरा पाहुणे आहेत."

"म्हणून तर लवकर सांग. आत की बाहेर?"

लाटेने बोट उचलली आणि धक्क्यावर टेकवली. लाकूड मोडल्याचा आवाज झाला. पाहुण्यांतला एक जण रडायला लागला. यूलिस मागच्या दोरावरून म्हणाला, "ऑस्बर्ट." एवढंच. दोर त्यानेही सोडला नाही.

"आत," लुसियन म्हणाला.

"झेंडा दिसला होता?"

"सोड आधी."

"दिसला होता?"

दुसरी लाट येताना दिसत होती, पहिलीपेक्षा मोठी. "दिसला," लुसियन म्हणाला. "लाल झेंडा दिसला. वाटलं, ती बाजूला होईल. उशीर झाला होता मला. झालं? ऐकलं सगळ्यांनी?"

आमच्या मच्छीमारांत एक समजूत आहे. बोट आणि धक्का यांच्यामध्ये माणूस खोटं बोलत नाही. तिथे पाणी किती, दोर केवढा, लाट कुठली, हे खोटं सांगितलं तर कोणीतरी मरतं. म्हणून तिथे दिलेला शब्द शपथेसारखा धरतात. ऑस्बर्टही त्याच समजुतीत वाढलेला. त्याला जे पाहिजे होतं ते मिळालं असं त्याला वाटलं. त्याने बाहेर जाणारी लाट बघितली, एक वेढा काढला, दुसरा काढला, आणि बोटीचं नाक नीट वळवून दिलं. शेवटी दोर पाण्यात टाकला नाही, गुंडाळून बोटीत फेकला.

त्यानंतर तो गाडी घेऊन घाटावरच्या द बॉटम या गावी, पोलीस ठाण्यात गेला. त्याच्यामागून यूलिस आणि आणखी सहा जण.

सार्जंट मार्टिसने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग पेन खाली ठेवलं.

"तू त्याला बांधून ठेवलं होतंस."

"दोर धरला होता."

"बोट फुटत होती, माणसं रडत होती, तेव्हा तो म्हणाला. त्याचा वकील पहिल्यांदा हेच विचारेल. मी त्याच्या जागी असतो तर मीपण काहीही म्हणालो असतो."

"धक्क्यावर कोणी काहीही म्हणत नाही," यूलिस म्हणाला.

"ते तुला आणि मला माहीत, यूलिस. न्यायाधीश बाहेरून विमानाने येतो." सार्जंट ऑस्बर्टकडे वळला. "बाईला उतरवल्यावर मला बोलवायचंस. त्याला वर घ्यायचं, चहा पाजायचा. बाईच्या काळजीने तो घाबरलेला होता. माझ्यासमोर खुर्चीत बसून कदाचित हेच बोलला असता. सहीसकट."

घरी जाताना घाटात ऑस्बर्टने गाडी थांबवली आणि बराच वेळ तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. दोन इंजिनं, अकरा माणसं आणि एक अख्खी बोट त्याच्या हातात होती. ती त्याने स्वतः वळवून दिली होती.

लुसियनने आठ दिवसांत वकिलाकडून लिहून पाठवलं: धक्क्यावर बोललो ते जीव वाचवायला, मी बाहेरूनच गेलो होतो. त्यानंतर तो साबाला आला नाही. पाहुण्यांना आता दक्षिणेच्या बेटांकडे नेतो. बोट नवी रंगवली आहे असं ऐकतो, आणि धंदा बरा चालतो असंही. त्या बाईच्या पायांत जीव परत आला. ती काठी घेऊन विमानात चढली.

पण त्या मंगळवारी लुसियन आधी धक्क्याला लागला होता. सकाळी लाटा वाढायच्या आत खलाशाने उडी मारली होती. त्यामुळे पार्कच्या वहीत त्या सगळ्यांची नावं आहेत, पत्त्यासकट, सहीसकट. हे ऑस्बर्टच्या लक्षात मार्चमध्ये आलं. त्याला लिहिण्याचा सराव नाही. तो सांगतो, व्हर्लीन लिहिते. रविवारी प्रार्थनेनंतर ती त्याच्या घरी येते, दोघं स्वयंपाकघरात बसतात.

पहिल्या पत्रात त्याने लुसियनला एवढ्या शिव्या घातल्या होत्या की व्हर्लीन म्हणाली, "भावोजी, हे वाचून ती माणसं तुम्हालाच गुन्हेगार समजतील."

"मग तू काय लिहिशील?"

"त्यांना एवढंच म्हणायचं, त्या दिवशी तुम्ही काय ऐकलंत ते लिहून कळवा. बोटीत आधी तो काही बोलला असेल तर तेही लिहा. बस."

"आणि मी दोर धरला होता ते?"

"तेही," ती म्हणाली. "ते त्यांनी पाहिलंय."

दुसरा कागद तिने तसाच लिहिला. त्याच्या प्रती काढल्या आणि ऑस्बर्टने प्रत्येकीवर सही केली. बाईला उतरवल्यावर बोटीत उरलेल्या अकरा जणांना पत्रं गेली.

दोघांची उत्तरं आली आहेत. एकजण लिहितो, मी ओकत होतो, मला काही ऐकू आलं नाही. दुसरी लिहिते, ऐकलं, पण त्या माणसाला तुम्ही ज्या प्रकारे धरून ठेवलं होतं त्यानंतर मला तुमच्या बाजूने काही सांगायचं नाही. ऑस्बर्टने ते पत्र व्हर्लीनला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "ऐकलं म्हणते ना? तिला पुन्हा लिही."

नऊ जणांची उत्तरं यायची आहेत. सार्जंटच्या कपाटातल्या कागदावर बोट अजून अज्ञात आहे, आणि लुसियनचं नाव त्यावर लागायचं राहिलं आहे.