रिकाम्या खोलीतली ओल

चादरींच्या कारखान्यात रंगवलेलं सूत वाळवायची खोली रहिमतुल्लाच्या ताब्यात होती. बॉयलरची वाफ नळ्यांतून फिरायची, नळ्या हवा तापवायच्या, गरम हवा सुतातलं पाणी उचलायची आणि पंखा ती दमट हवा बाहेर फेकायचा. सुतात ओल आहे तोवर सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते, म्हणून पारा एका जागी अडून राहतो. सूत कोरडं झालं की सरसर चढतो. दाराजवळच्या थर्मामीटरवर नजर ठेवूनच रहिमतुल्ला वाफ बंद करायचा.

१९७४च्या उन्हाळ्यात त्याचा जोडीदार सिद्धाप्पा होटगीच्या तळ्यात बुडून मेला. त्यानंतर पारा चढेचना.

"सूत वलं असंल की," मुकादम म्हणाला.

रहिमतुल्लानं सुताची लड त्याच्या हातात दिली. कोरडी खडखडीत. मग सगळ्या लडी बाहेर काढल्या, नळ्या हात फिरवून तपासल्या. कुठं गळती नव्हती. रिकाम्या खोलीत वाफ सोडली, तरी पारा तिथंच. पंख्यातून दमट हवा येतच राहिली, आणि तिला शेवाळाचा वास होता.

"मग आत वाळतंय तरी काय?" मुकादमानं विचारलं.

दुपारी सिद्धाप्पाची बायको शिवबाई नवऱ्याचा राहिलेला डबा न्यायला फाटकाशी आली.

"भाऊ, रोज सपनात येत्यात. अंगावर वली कापडं. लई गारठलोय म्हंत्यात."

परत येऊन रहिमतुल्लानं रिकाम्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि वाफ पुरती सोडली.

"वाळ बाबा," तो पुटपुटला.

फुकट कोळसा जळतोय म्हणून मुकादम ओरडला. रहिमतुल्लानं ते कानाआड केलं. दिवस कलला तसा पारा हलला, मग झरझर वर गेला. वाफ बंद करून तो हलक्या मनानं घरी गेला.

सकाळी शिवबाई फाटकातच उभी होती.

"काल बी आले हुते, भाऊ. कापडं कोरडी ठाक. पर तुमाला निरोप दिलाय. म्हनले, दार आतनं उगडत न्हाई, रहिमतुल्लाला सांग."

रहिमतुल्ला धावला. दाराला बाहेरून कडी होती, त्यानंच सवयीनं घातलेली. त्यानं ती ओढली. आत कुणी नव्हतं. नळ्या गार पडल्या होत्या, तरी एक ऊन झुळूक त्याच्या खांद्याला घासून बाहेर पडली. लांब फाटकात शिवबाईनं चमकून डोक्यावरचा पदर धरला.

त्याच दुपारी सूत वेळेवर वाळलं. रहिमतुल्लानं दाराची कडी उखडून काढली, आणि दार लोटून त्याला नुसता दगड टेकवायला लागला, आतून ढकलला तर सरकेल असा.