डावीकडचा आवाज

"डावी बाजू निस्ती मुकी हाय, काका," जुना ॲम्प्लिफायर टेबलावर टेकवत सोनम म्हणाली. "उजवीकडं ढोलकी झकास वाजत्या. आण्णांचा आवाजच येत न्हाय."

आण्णा म्हणजे तिचे वडील बुद्धभूषण, कसबा बावड्यातल्या भीमगीतांच्या पार्टीचे मुख्य गायक. घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज कायमचा गेला होता. मागे उरली होती घरी भरलेली एकच कॅसेट. भरताना एक माइक आण्णांपुढं आणि दुसरा ढोलकी-कोरसपुढं ठेवलेला, म्हणून गाणं डावीकडं आणि ठेका उजवीकडं. बुद्धपौर्णिमेला ती आण्णांना अचानक ऐकवायची, असं सोनमनं ठरवलं होतं.

"ट्रान्झिस्टर उडालाय. ठेवून जा," बाबासोंनी यंत्र न उघडताच निकाल दिला. शाहूपुरीतल्या दुरुस्तीच्या दुकानात त्यांची उभी हयात असलीच यंत्रं उघडण्यात गेलेली. जीभ हाताच्या पुढं पळायची खोड काही गेली नव्हती.

ती गेल्यावर त्यांनी झाकण काढलं. स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून पाहिल्या. डावा स्पीकर वाजला, म्हणजे तो ठीक. वायरी परत होत्या तशा जोडल्या. मग व्हॉल्यूमच्या बटणामागं स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, तर डावा स्पीकर घूंऽऽ करून बोलला. म्हणजे तिथून पुढं सगळं धडधाकट, ट्रान्झिस्टरसुद्धा! बाबासोंना स्वतःचंच हसू आलं. आता मात्र त्यांना भूक राहिली ना तहान. खोट व्हॉल्यूमच्या अलीकडं होती. वायर धरून ते मागं मागं गेले आणि कॅसेट प्लेअर जोडायच्या खोबणीपाशी थबकले.

वायर तुटलेली नव्हती. कुणीतरी ती कापली होती. दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळून वर दोऱ्याची गाठही मारली होती.

जोडायला कितीसा वेळ? पण बाबासोंचा हात होईना. एवढ्या निगुतीनं कापणाऱ्याला विचारल्याशिवाय जोडायचं कसं? त्यांनी सोनमला फोन केला. "घरच्यांना घिऊन ये."

"न्हाय जमत तर तसं सांगा की! त्यास्नी कळलं तर गंमत काय ऱ्हायली?" ती उखडली. पण दुसऱ्या दिवशी आण्णांना आणि आईला, अंबूबाईंना, घेऊन आली.

बाबासोंनी गाठ दाखवली. आण्णांनी मान खाली घातली.

"ह्यांनीच कापलीया," अंबूबाई म्हणाल्या.

"आवाज नको हुता तर ह्ये बॅलन्सचं बटण फिरवायचं की, वैनी. डावं बंद हुतंय."

"फिरवलंतं की. पर हात ऱ्हायचा न्हाय. परत फिरवायचं, सोताचंच गाणं ऐकत बसायचं, आन् ताटावरनं उठायचं. म्हून कापली. आता ही कामावर गेली की निस्ती ढोलकी लावत्यात आन् मला गा म्हणून खुणावत्यात. उभा जलम मी मागं कोरस धरला. पुढं हून ओळ धराय मला न्हाय जमत."

सोनमचा चेहरा उतरला. आपण आण्णांना काय ऐकवायला निघालो होतो, ते तिला आत्ता कळलं. "ऱ्हाऊ दे, काका. तसंच ठेवा."

बाबासोंनी आण्णांकडं पाहिलं. "तुमी सांगा, पावणं. जोडू का नगं?"

आण्णांनी ती दोन टोकं जवळ ओढली. मग स्वतःच्या हातानं गाठ सोडली.

वायरीला सोल्डरचा डाग देऊन झाला. सोनमनं आणलेली कॅसेट फिरली आणि डावीकडून आण्णांचा खडा आवाज दुकानात शिरला. सोनमला हुंदका आवरेना. आण्णा डोळे मिटून ऐकत राहिले. दुसरं कडवं आलं तसं त्यांनी डोळे उघडले आणि हात बॅलन्सच्या बटणावर ठेवला. आवाज हळूहळू उतरला, पण पुरता बंद व्हायच्या आतच त्यांचा हात थांबला. त्यांनी बायकोकडं पाहिलं.

अंबूबाईंनी पदर सावरला. पहिली ओळ थोडी चुकलीच, दुसरी लागली. त्यांच्या मागून, डाव्या स्पीकरातून बारीक आवाजात, आण्णा कोरस धरून होते.

दारात एक गिऱ्हाईक मिक्सर घेऊन आलं. बाबासोंनी त्याला हातानंच थांबायला सांगितलं.