मंजुळाबाईंच्या नावाची बुरशी

राजेंद्र सरांचा जीवाश्म वाढला. त्यांचा विद्यार्थी प्रणयनं कालचा फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवून तीनदा पाहिलं. जीवाश्मानं जगात काहीही करावं, फक्त वाढू नये, एवढी एकच अट असते.

गारगोटीचा तो दगड पाचोड गावाकडं विहीर खणताना निघाला होता. सरांनी त्याचा कांद्याच्या पापुद्र्यासारखा काप घासून काचेवर चिकटवला, तर भेगेत बुरशीचे धागे! साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे लाव्हा निवल्यावर इथं ओल आली, झाडं आली, मेली, कुजली. या शहरात नळाला पाणी कधी येईल हे कुणी सांगत नाही, पण तेव्हा इथं दलदल होती हे सर छातीठोक सांगायचे.

बुरशीला त्यांनी बायकोचं नाव दिलं. मंजुळाबाई कोरोनातून उठल्या आणि काळ्या बुरशीनं गेल्या. आधी डोळा, मग जबडा, मग त्या. नाव ऐकून भूशास्त्र विभागात सगळे चपापले. सर म्हणाले, "ही तरी मेलेली आहे. कुणाचं वाकडं करणार नाही."

आता हे त्यांना सांगायचं कुणी? प्रणयनंच. खोलीत दुसरं होतं कोण?

"सर, धागा लांब झालाय."

"दगड ताणला असंल."

"दगड ताणत नसतो, सर."

"मला शिकवतो व्हय रे?" सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ काढलाच नाही. "घासताना भेगेत पाणी राहिलं. ही आजची आहे. जिती आहे. नाव मागं घ्यावं लागंल."

"स्पिरिट ओततो. मरेल."

"नको. हिचं इंजेक्शन असतं. मंजुळाच्या वेळी त्याच्यापायी सगळं शहर पालथं घातलं मी. नाय मिळालं."

एवढं बोलून सर चप्पल घालून थेट शहागंजला निघाले. प्रणय मागं मागं. औषधाच्या दुकानात चिठ्ठी मागितली, तर सरांनी पाकिटातून घड्या पडलेली तेव्हाचीच चिठ्ठी काढली. दुकानदारानं तारीखसुद्धा पाहिली नाही. फ्रिज उघडला, डबी काउंटरवर ठेवली.

"एकच देऊ? लई पडलेत, सर. आता कुणी विचारत नाय."

सर दुकानाच्या पायरीवर खाली बसले. गिऱ्हाईकं त्यांना वळसा घालून आत जात राहिली.