दुपारची गाडी

“आता कितवं स्टेशन?”

“चौथं. आपलं सातवं. तू दांडी सोडू नकोस.”

पंपमिस्त्रींनी खिशातला कागद तिसऱ्यांदा काढला. पाणीपुरवठ्यातल्या पस्तीस वर्षांत झडप तपासल्याशिवाय त्यांनी एकही पंप सुरू केला नव्हता. आजचा प्रवासही त्यांनी तसाच आखला होता. सकाळच्या लोकलला गर्दी. बायकोला धक्का लागला तर? म्हणून ही रिकामी गाडी. पोहोचायचे दोन पाचला, परतीची चार वीसला. मध्ये टेकडीवरची निळी फुले. बहर आठवडाभराचा, आणि पुढच्या बहरापर्यंत तिला रंग ओळखता येतील याची हमी डॉक्टरांनी दिली नव्हती.

टेकडीच्या पायथ्याशी ती थांबली. हल्ली तिला नजरेच्या कडेनेच दिसत असे. मान तिरकी करून तिने बराच वेळ पाहिले.

“अहो, सगळं हिरवंच दिसतंय. निळा गेला का माझा?”

मिस्त्रींनी टेकडी वरपासून खालपर्यंत न्याहाळली. त्यांनाही हिरवेच दिसत होते.

“आजी, बाराला मिटतात ही,” फाटकावरची राखणदारीण म्हणाली. “दुपारचं कोण येतं फुलं बघायला?”

मिस्त्रींनी कागदाकडे पाहिले. त्यावर गाड्यांच्या वेळा होत्या, फुलांची नव्हती.

“तुझ्या डोळ्यांचं काही नाही गं,” ते म्हणाले. “फुलं मिटलीत. चूक माझी.”

तिने सुस्कारा सोडला. मग हसू आले तिला. “पंप असता, तर दहादा विचारून आला असतात!”

“सकाळी किती वाजता उमलतात?” त्यांनी विचारले.

“ऊन लागलं की.”

“म्हणजे किती वाजता?”

“ऊन लागलं की, बाबा. स्टेशनासमोर खोली मिळते.”

“अगं, पण तुझं रात्रीचं औषध...” मिस्त्री बायकोकडे वळले.

“दोन दिवसांचं भरलंय तुम्हीच. पिशवी मला उचलावी लागतेय!”

चार वीसची गाडी वेळेवर आली. मिस्त्री सवयीने फलाटावरच्या बाकावरून उठले, पुन्हा बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ठरवलेली गाडी समोरून जाऊ दिली.

“गेली?”

“गेली.”

त्यांनी कागद उलटा केला, वेळेचा रकाना आखला आणि त्यात लिहिले : ऊन लागल्यावर. पेन खिशाला लावले. मग पश्चिमेला जमू लागलेल्या ढगांकडे ते पाहत राहिले. तिला मात्र त्यांनी ढगांबद्दल सांगितले नाही.