वाफेच्या राज्याची दावण

रूपसिंगच्या गोठ्यात तीन पोळ्यांपासून बैल नव्हते. तिथे एक साम्राज्य टांगलेलं होतं.

तांड्यातल्या बायकांना हे समजावून सांगता सांगता त्याची बायको मानीबाई थकून गेली होती. "पोरगी कायतरी करून राह्यली," एवढंच ती म्हणे आणि पऱ्हाटीतल्या कापसाचा विषय काढे. पण करणाऱ्या पोरीला, राखीला, कुणाची भीड नव्हती. ती उमरखेडच्या कॉलेजात बी.एस्सी. झाली होती आणि तिथल्याच एका शिकवणीत विज्ञान शिकवत होती. कुणी विचारायचा अवकाश, की ती गोठ्याचं फाटक उघडून माणसाला सगळं राज्य फिरवून आणायची. वाफेवर चालणारी जहाजं एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर जातात, असं ते राज्य. तिथे रॉकेट नाही, पेट्रोल नाही. बॉयलर, चिमणी, कोळसा आणि पाणी, बस्स.

आता आभाळात कोळशाचं इंजिन चालेल कसं, असं विचारणारे शहाणे तांड्यातही होतेच. राखी त्यांना म्हणे, "चालत नाई म्हणून तं बनवलं. चालणारं बनवाले कारखाने हायेत." यावर शहाणे तंबाखू मळायला लागत.

आणि राज्य तरी केवढं! मधोमध, आड्याला, आजीचा तांब्याचा बंब लटकत होता. ती राजधानी, वाफगड. बंबाच्या पोटाला राखीनं पत्र्याच्या बारीक खिडक्या डकवल्या होत्या आणि त्यांतून लाल दिवा दिसे. भोवती गावंच गावं. वाळलेल्या भोपळ्यात भुयारं कोरलेली ती काळीखाण. तिथली माणसं दिवसभर जमिनीखाली राबतात आणि रात्री वर येतात, म्हणून तिथे चांदण्यालाच ऊन म्हणतात. कुकरच्या शिट्ट्यांनी मढवलेलं ते शिट्टीगाव. राज्यातल्या प्रत्येक जहाजाची शिट्टी तिथेच ओततात, आणि तिथल्या म्हाताऱ्या नुसत्या आवाजावरून कुणाचा नवरा घरी आला ते सांगतात. एक होतं राखट. सगळी जहाजं आपली राख तिथे टाकून जातात. राखटच्या लोकांना बाकीचे 'राखखाऊ' म्हणून चिडवतात, पण त्या राखेत येणारी वांगी राजाच्या पंगतीला लागतात, तेव्हा चिडवणाऱ्यांची तोंडं बघावीत!

आणि पाणथांबा. कागदाच्या लगद्याचा, पांढराशुभ्र, बर्फाचा चंद्र. वाफ म्हटली की पाणी आलं, म्हणून प्रत्येक जहाजाला तिथे थांबावंच लागतं. तिथला कायदा एकच. पाण्यासाठी रांगेत उभं राहायचं. मग तो हमाल असो की खुद्द राजा.

रूपसिंगला हे सगळं तोंडपाठ होतं. तोंडानं मात्र त्यानं कधी कबूल केलं नाही. दोर शोधायला म्हणून तो गोठ्यात जाई, विळा राहिला म्हणून परत जाई, आणि बंबाखाली मान वर करून तासभर उभा राही. आपल्या पोटी हे असलं डोकं कुठून आलं, याचं त्याला भारी नवल वाटे. त्याचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडले होते. त्यांनी पाहिला नसेल एवढा मुलूख या पोरीनं वीस हातांच्या गोठ्यात माववून दाखवला होता. छाती भरून यायची त्याची. मग बाहेर येऊन तो मानीबाईला म्हणे, "विळा काही सापडला नाई."

पण गोठा आता राहणार नव्हता. मुलाचं, इंद्रजीतचं, लग्न ठरलं होतं. गोठा पाडून तिथे त्याची खोली बांधायची, असा शब्द रूपसिंगनं तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर चार माणसांसमोर देऊन टाकला होता. शुक्रवारी गोठा पडणार होता. आभाळ ठेवायला घरात दुसरी जागा नव्हती.

आशा एकच होती. यवतमाळला मुलांसाठी एक नवं विज्ञान दालन उभं राहत होतं. तिथल्या मैत्रेयी मॅडमनी फोनवर फोटो पाहिले होते आणि राखीला एकच प्रश्न विचारला होता. "राज्य सुंदर आहे. पण ते चालतं कसं? हा कोळसा, हे पाणी वाहून नेतं कोण, आणि ती माणसं राहतात कुठं?" बुधवारी त्या स्वतः येऊन बघणार होत्या. पसंत पडलं तर अख्खं राज्य यवतमाळला जाणार, नाही तर भंगारवाला होताच.

त्या प्रश्नानं राखीची झोप उडाली होती. बंबाच्या बाजूला तिनं एक आकडा रिकामा ठेवला होता, वाहणाऱ्यांच्या गावासाठी. महिनाभरात तिनं तिथे काय काय टांगून पाहिलं, पण प्रत्येक वेळी काढून ठेवलं. "एका जाग्यावर बसले तं ते वाहतीन कवा?" ती चिडून म्हणायची. बुधवार उजाडला तरी आकडा रिकामाच होता. राखी तोंड उतरवून पाहुणीला आणायला उमरखेडच्या बसस्टँडवर गेली. तिची याडी मानीबाई कापूस वेचायला गेली. घरी उरला रूपसिंग.

तो गोठ्यात गेला आणि आज पहिल्यांदाच त्यानं राज्याकडे पाहुण्यांच्या नजरेनं पाहिलं. बघतो तर काय, जहाजं काळीमिच्च! चिमण्या काजळलेल्या, गावांवर धुराची पुटं. असली जनावरं बाजारातसुद्धा कुणी उभी करत नाही, आणि हे तर लेकीचं राज्य! पाहुणी येणार, आणि राज्य असं पारोसं?

शेतकऱ्याला आपलं धन चारचौघांत दाखवायची एकच रीत ठाऊक असते. रूपसिंगनं बादली भरली.

राखीनं सगळं बारीक तारेनं टांगलं होतं. त्या गाठी त्याच्या बोटांना सुटेनात, म्हणून त्यानं विळ्यानं सपासप कापल्या. पत्र्याची जहाजं घासून लखलखीत केली. भोपळा पुसला, शिट्ट्या चिंचेनं उजळल्या, बंबाला राख लावून असा चोळला की त्यात तोंड दिसावं. गडी रंगात आला होता. त्याच रंगात त्यानं पाणथांबा उचलून बादलीत बुडवला.

कागदच तो. बघता बघता बर्फाच्या चंद्राचं पिठलं झालं.

रूपसिंग मटकन खाली बसला. हातातून पांढरा लगदा ओघळत होता. वाफेच्या राज्यातलं पाण्याचं गाव त्यानं पाण्यात बुडवून मारलं होतं. पोरीनं भंगारातून एकेक तुकडा जमवून उभं केलेलं, आणि बापानं एका दुपारी त्याचा सत्यानाश केला. डोळ्यांना धार लागली त्याच्या. पण पाहुणी वाटेत होती. रडत बसून भागणार नव्हतं.

तारा पुन्हा बांधायला गेला, तर तुकडे आखूड झालेले. मग खुंटीवरची जुनी दावण त्यानं काढली. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत ती ताणली आणि बैल बांधायच्या गाठीनं एकेक गाव, एकेक जहाज तिला बांधत गेला. ती गाठ त्याच्या हाताला झोपेतही जमली असती. बंब जड, म्हणून शेवटी, भिंतीजवळच्या भक्कम मेढीला. पाणथांब्याच्या जागी आईची पितळी चरवी बांधली. रिकामी बरी दिसेना, म्हणून काठोकाठ पाण्यानं भरली. पोळ्याच्या सामानातला लाल हिंगूळ उरला होता, तो चिमण्यांना लावला, बेगड चिकटवली, गोंडे लटकवले. आणि सगळ्यांत पुढच्या जहाजाच्या गळ्यात त्यानं चांद्याची घुंगरमाळ घातली.

चांद्या त्याचा पुढचा बैल. ट्रॅक्टर आल्यावर जोडी विकली, त्या दिवशी रूपसिंग पहाटेच दूरच्या शेतात निघून गेला होता. कासरा मानीबाईनं सोडून दिला. त्या दिवसाचा विषय नवराबायकोत पुन्हा कधी निघाला नाही. घुंगरमाळ मात्र तेव्हापासून खुंटीलाच होती.

फाटक वाजलं. राखी आत आली, मागे मैत्रेयी मॅडम. राखीची नजर दावणीवर गेली.

"बा! हे काय केलं तू?" तिचा आवाज फाटला. "तो मळ नव्हता! याडीनं चुलीवर महिनाभर धुरी दिलती एकेकाले. फिरून फिरून आलेली जहाजं होती माही! आन पाणथांबा? पाणथांबा कुठी हाय?"

"बुडाला," रूपसिंग म्हणाला. "मीच बुडवला, बेटा. मले वाटलं, चांगलं दिसन."

राखी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मैत्रेयी मॅडम राजूरच्या, कोळसा खाणीत हाजरीवर राबलेल्या बापाची मुलगी. काळीखाणीपाशी त्या वाकल्या, भुयारात बोट घालून पाहिलं आणि हसल्या. मग दावणीच्या कडेकडेनं शेवटपर्यंत गेल्या, परत आल्या.

"बाबा, फोटोत हे सगळं राजधानीभोवती गोल होतं. तुम्ही रांगेत काहून बांधलं?"

राजूरचं 'काहून' ऐकून रूपसिंगचा जीव जरा भांड्यात पडला. "गोल कायले बांधू, बाई?" तो म्हणाला. "गोल तं खळ्यात फिरवतेत, मळणीले. जाग्यावरच फिरते थे. मुलूख गाठाचा तं रांगच लागते. आमचे बुढे तसेच जात. घुंगरवाला बैल म्होरं. तो चालला का तांडा चालला, तो बसला का तिथंच गाव."

"आणि राजा? राजधानी सगळ्यांत मागे?"

रूपसिंगनं बंबाकडे पाहिलं. आपण तो जड म्हणून मागे बांधला, हे सांगायची त्याला लाज वाटली. "मालवाल्यायच्या मांगंच राह्यते राजा," तो म्हणाला. "धूळ खात."

मैत्रेयी मॅडम मोठ्यानं हसल्या. राखी मात्र हळूहळू भिंतीपासून वळली. ती दावणीकडे बघत होती, फाटकापासून भिंतीपर्यंत, आणि पुन्हा भिंतीपासून फाटकापर्यंत. बापानंही रिकामाच सोडलेला तो आकडा वर तसाच लोंबत होता. आता तिथे काही टांगायची गरज नव्हती.

"वाहणाऱ्यायचं गाव म्हणजे हेच," ती पुटपुटली. "ही रांगच. बा, मी महिनाभर हेच शोधून राह्यलती."

रूपसिंगला ते नीटसं कळलं नाही. पोरीच्या आवाजातला राग गेला, एवढं कळलं.

मैत्रेयी मॅडम चरवीपाशी थांबल्या होत्या. यवतमाळहून एसटीनं येऊन त्यांचा घसा कोरडा पडला होता. "हे पाणी प्यायचं आहे का हो?"

"हा पाणथांबा हाय," राखी म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता तिला हसू फुटलं. "रांगेत उभं राहा लागते, मॅडम."

मैत्रेयी मॅडम खरंच रूपसिंगच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. रूपसिंगनं आधी पाहुणीला ओंजळभर पाणी द्यायला हात पुढे केला, तर त्या हटेनात. कायदा म्हणजे कायदा. मग तो प्याला, मग त्या प्याल्या, मग राखी. तोंड पुसून मॅडम म्हणाल्या, "आहे असंच न्यायचं. हाच क्रम, ह्याच गाठी. गोंडेसुद्धा."

शुक्रवारी सकाळी टेम्पो आला. गोठा पाडणारी माणसंही आली होती, पण इंद्रजीतनं त्यांना चहा देऊन बाजूला बसवलं. अर्धा तांडा अंगणात जमला. शहाणेही होते आणि आज तेच इतरांना शिट्टीगाव कोणतं, राखट कोणतं ते समजावून सांगत होते, जशी काही त्यांचीच सोयरीक होती तिथे.

टेम्पोवाल्या पोरांनी पुढच्या जहाजाला हात घातला.

"थांबा," रूपसिंग म्हणाला.

तो मानीबाईकडे गेला. तिच्या हातात लोणी-हळदीची वाटी होती. त्यानं सांगितलं नव्हतं, तिनं आपणहून कालवली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, तसा त्यानं पळसाच्या पानानं त्या पत्र्याच्या जहाजाच्या दोन्ही खांद्यांना हात फिरवला. जहाजावर राखीनं आधी 'राजदूत' असं नाव घातलं होतं. ते खोडून आता तिथे 'चांद्या' लिहिलेलं होतं. रूपसिंगला मोठी अक्षरं लावता येत. त्यानं ती एकेक करून वाचली, आणि पुन्हा वाचली.

मग त्यानं दावणीचं टोक सोडलं, कासऱ्यासारखं हातात घेतलं आणि पुढे चालू लागला. मागून पोरांनी गावं उचलली, जहाजं उचलली, काळीखाण, शिट्टीगाव, पाण्यानं हिंदकळणारी चरवी, आणि सगळ्यांत शेवटी चौघांनी मिळून ती राजधानी. अंगणातून फाटकापर्यंत रांग लागली. फळीवरून टेम्पोत चढून रूपसिंगनं दोर बांधला, आणि तीन पोळ्यांपूर्वी जे बोलायचं राहून गेलं होतं ते सगळ्यांसमोर, मोठ्यानं बोलला. "जाय बेटा. भिऊ नको. तुह्या मांगं अख्खं राज्य हाय."

मानीबाईनं पदर तोंडाला लावला. टेम्पो निघाला. वळणापर्यंत घुंगरमाळ ऐकू येत राहिली, आणि ती ऐकू येईनाशी होईपर्यंत रूपसिंग रस्त्यात उभा होता. या वेळी तो शेतात निघून गेला नव्हता.