तिच्याच हातात बंद पडणारी गाडी

गाडी पहिल्यांदा बंद पडली ती पुलाच्या उतारावर, डावीकडे वळताना. इंजिन गेलं, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे गेले, स्टिअरिंग एकदम जड झालं. तिने कशीबशी गाडी कडेला घेतली. जरा वेळाने चावी फिरवली, तर काही झालंच नसल्यासारखी सुरू झाली.

ती फिजिओथेरपिस्ट होती. घरोघरी जाऊन पेशंटांकडून व्यायाम करून घ्यायची. गाडीशिवाय तिचं पान हलत नसे. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो हसला.

"क्लच लवकर सोडला असशील."

"क्लचने इंजिन बंद पडेल. दिवे कसे जातील? गाडीतलं घड्याळसुद्धा शून्यावर आलं."

"घाबरल्यावर माणसाला काय वाट्टेल ते दिसतं."

रविवारी त्याने स्वतः गाडी हायवेवर फिरवून आणली. एक आचका नाही. चावी टेबलावर टाकत म्हणाला, "माझ्या हातात बरी चालते!"

मग तेच सुरू झालं. आठवडाभर गाडी शहाण्यासारखी चाले, आणि एखाद्या वळणावर खड्डा आला की दगा देई. गॅरेजमध्ये नेली की पुन्हा गुणाची. तिथल्या इलेक्ट्रिशियनने बॅटरीला मीटर लावला, फ्यूज काढून बघितले.

"ताई, सगळं ठीक आहे. चालू गाडीत मी काय शोधू?" मग जरा घुटमळून म्हणाला, "एकदा साहेबांना पाठवा."

एके दिवशी ती नणंदेला स्टेशनवरून घरी आणत होती. भर चौकात गाडी मेली. मागून येणाऱ्या ट्रकने करकचून ब्रेक दाबला. अगदी थोडक्यात वाचल्या. घरी पोचल्या पोचल्या नणंदेने भावाला सगळं सांगितलं. त्याने सगळ्यांसमोर हात पुढे केला.

"चावी दे. कोणाचा तरी जीव घेशील एक दिवस."

"ताई, तुम्ही शेजारीच होतात," ती नणंदेला म्हणाली. "दिवे गेले ना? सांगा की."

"मी तर डोळेच मिटून घेतले होते गं," नणंद म्हणाली. "राग मानू नकोस वहिनी, पण सगळ्यांनाच जमतं असं नाही."

तिने चावी दिली.

तेव्हापासून ती बसने जाऊ लागली. जवळचे पेशंट टिकले, लांबचे एकेक करून सुटले. सगळ्यात लांब राहायचे शिंपीकाका. त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. कापड बेतायच्या टेबलाची कड धरून ते नुकते उभे राहायला लागले होते. "हात चालायला लागला की पहिला ब्लाउज तुझा," असं तिला म्हणायचे. तिने बस बदलून बदलून काही दिवस जाऊन पाहिलं, पण बाकीच्या वेळा सांभाळताना मेटाकुटीला आली. शेवटी, आता यायला जमणार नाही, असा फोन केला. काकू एवढंच म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे गं. पण व्यायामाचं ते माझं ऐकत नाहीत."

मग गाडी नवऱ्याच्या हातात बंद पडली, ऑफिसच्या गेटसमोर, डावीकडे वळताना. मागे गाड्यांची रांग लागली, वॉचमनने ढकलली. त्याच दिवशी तो तिला घेऊन गॅरेजमध्ये गेला. आता इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडलं आणि गाडी कधी, कशी बंद पडते असे प्रश्न विचारले. नवऱ्याला एकाचंही उत्तर येईना.

"डावीकडे वळताना जाते," ती म्हणाली. "खड्डा असेल तर हमखास. आणि घड्याळ शून्यावर येतं, म्हणजे करंट पूर्ण तुटतो."

इलेक्ट्रिशियनने इंजिन चालू ठेवून एकेक वायर हाताने हलवायला घेतली. बॅटरीवरून फ्यूज-बॉक्सकडे जाणाऱ्या जाड वायरला हिसका दिला, आणि इंजिन खटकन बंद झालं. वायरच्या टोकावरचं प्लास्टिकचं झाकण काढलं, तर आतला नट बोटाने फिरत होता. वायरचं टोक जळून काळं पडलेलं.

"मी नुसत्या बॅटरीला मीटर लावला होता. ह्या झाकणाखाली बघितलंच नाही," तो ओशाळून म्हणाला. "बॅटरी कोणी बदलली होती?"

बॅटरी नवऱ्याने बदलली होती, घरासमोर, बाह्या सरसावून. शेजाऱ्यांनी कौतुक केलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"हल्ली नटच असले हलके येतात," तो म्हणाला.

इलेक्ट्रिशियनने टोक घासून साफ केलं, पान्याने नट आवळला. बस, झालं.

घरी आल्यावर नवऱ्याने बहिणीला फोन लावला. "अगं, सापडला एकदाचा फॉल्ट. मी स्वतः उभा राहून शोधून घेतला, म्हणून." फोन ठेवून त्याने तिच्यापुढे चावी धरली. "घे. पण आता जपून चालव."

तिने चावी घेतली.

दुसऱ्या दिवशी ती शिंपीकाकांकडे गेली. बेतायचं टेबल भिंतीला लावून त्यावर औषधं आणि धुतलेल्या चादरी रचल्या होत्या. काका पडून होते. उजवा गुडघा दुमडलेला, मूठ घट्ट मिटलेली. तिने टाच तळहातावर घेऊन पाय सरळ करायला सुरुवात केली. काका कळवळले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"गाडीला काय झालं होतं गं?" काकूंनी विचारलं.

"एक नट सैल होता."

"एवढंच?"

"एवढंच," ती म्हणाली. गुडघा सरळ होत नव्हता. तिने पुन्हा जोर लावला.